यंत्राला मी शिकवलेली गौर

शेजारणी विचारतात, तुम्ही मरोळला नक्की काय करता हो? मी सांगते, "कॉम्प्युटरचा अभ्यास घेते." त्या हसतात. त्यांना वाटतं बाई टाळतेय. पण कामाचं याहून खरं वर्णन मला करता येत नाही. आमच्या ऑफिसातलं यंत्र दिवसरात्र इंटरनेटवरचं मराठी वाचत असतं. बातम्या, ब्लॉग, पाककृती, सरकारी पानं, कुणीतरी लिहिलेल्या गावच्या आठवणी, काही म्हणजे काही सोडत नाही. वाचता वाचता त्यातून एकेक माहिती उचलतं आणि छोट्या वाक्यात मांडून आमच्या पडद्यावर टाकतं. ‘नाहूर हे रेल्वे स्टेशन आहे.’ ‘कोथिंबीर ही पालेभाजी आहे.’ खाली तीन बटणं: बरोबर, चूक, माहीत नाही. दोन माणसांनी ‘बरोबर’ म्हटलं की ते वाक्य पक्कं होतं, यंत्राच्या कोठारात जातं, आणि पुढचं सगळं वाचन यंत्र त्याच्या आधारानं करतं. मग त्या वाक्याच्या उलट सांगणारं पान समोर आलं, तर यंत्र स्वतःच्या वाक्यावर शंका घेत नाही, त्या पानावर घेतं. हे नीट लक्षात ठेवा. माझी सगळी फजिती त्यातूनच झाली.

मी मूळची मुद्रितशोधक. मरोळच्याच औद्योगिक वसाहतीत, ऑफिसापासून दोन गल्ल्या सोडून, एका छापखान्यात मी वीसेक वर्षं लोकांच्या पुस्तकांतल्या चुका काढल्या. छापखाना बंद पडला. वर्षभर नाहूरच्या घरात बसून मी आईच्या आणि पुतण्याच्या चुका काढल्या, तेव्हा दोघांनी मिळून मला ही नोकरी शोधायला लावली. मुलाखतीत विचारलं, कॉम्प्युटर येतो का? मी म्हटलं, मला मराठी येतं, कॉम्प्युटरला येत नाही म्हणून तर तुम्ही माणसं शोधताय. घेतलं लगेच.

सुरुवातीला मजा आली. यंत्रानं ठरवलं होतं की बोंबील ही भाजी आहे. का, तर पाककृतींत बोंबील, कोथिंबीर, मिरच्या सगळं एकाच दमात ‘धुऊन चिरून घ्यावे’ असं लिहिलेलं. मी ‘चूक’ दाबलं. दुसऱ्या दिवशी सुकट आली, तीही भाजी. पुन्हा ‘चूक’. मग आलं, ‘माहुल हा तेलशुद्धीकरण प्रकल्प आहे.’ जिथे जिथे माहुल शब्द लिहिलेला, तिथे शेजारी रिफायनरी, धूर आणि तक्रारी. बिचाऱ्याचं काय चुकलं! त्यानं वाचलं ते खरं मानलं. पण मी लहान असताना आमच्या चाळीत टोपली घेऊन येणारी कोळीण माहुलची होती. तिच्या हातची निवटी, म्हणजे खाडीच्या चिखलातली मासळी, मी खाल्लीय. मी ‘चूक’ दाबून खाली टीप लिहिली: माहुल हे गाव आहे, तिथे माणसं राहतात आणि मासे मारतात, प्रकल्प नंतर आले. ती टीप लिहिताना मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी मी मेट्रोने घाटकोपरला येईपर्यंत एकटीच हसत होते.

आम्ही चौघी एका लांब टेबलाला बसायचो. दोघी तरुण, कानात गाणी घालून काम करणाऱ्या. त्यांच्याशी फार बोलणं व्हायचं नाही. माझ्या शेजारी मुलुंडच्या बाई. शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका, माझ्यापेक्षा आठदहा वर्षांनी मोठ्या, वाचन दांडगं, बोलणं स्वच्छ. मला त्या आवडायच्या. अजूनही आवडतात. आणि आमच्यावर साहेब, बोरिवलीचा इंजिनिअर, तिशी ओलांडलेला, सगळ्यांना मॅडम म्हणणारा. यंत्राबद्दल तो असा बोलायचा की वाटावं घरी पाळण्यात ठेवलंय.

एक दिवस मुलुंडच्या बाई मोठ्यानं हसल्या. "अगं हे बघा काय! गौरीला म्हणे मटणाचा नैवेद्य! कुणी लिहिलंय हे?"

त्यांच्या पडद्यावर दोन वाक्यं आली होती. एक, ‘गौरीचा नैवेद्य शाकाहारी असतो’, आणि त्याला आधार म्हणून पानंच्या पानं. दुसरं, ‘गौरीला मटणाचा नैवेद्य दाखवतात’, आणि त्याला आधार एकच, कोकणातल्या कुठल्याशा बाईनं चालवलेलं पाककृतींचं पान. कानात गाणी घातलेल्या दोघींनी गाणी काढली आणि वाकून बघितलं. "ईऽऽ, देवीला मटण?" एक म्हणाली. "काहीही हं." बाईंनी पहिल्यावर ‘बरोबर’ दाबलं, दुसऱ्यावर ‘चूक’. नियमाप्रमाणे दुसऱ्या माणसाची खात्री लागते म्हणून ती दोन्ही वाक्यं माझ्याकडे आली.

आता आमच्या घरचं सांगते. आमचं गाव राजापूरकडचं. बाप गिरणीत होता, आई चाळीत. आमच्याकडे गौर येते ती तेरड्याची, पहिल्या दिवशी तिला भाजी-भाकरी, आणि दुसऱ्या दिवशी वडे आणि सागोती, म्हणजे मटण. तिखटाचा नैवेद्य. गणपती त्याच मखरात बसलेला असतो, त्याला हे चालत नाही, म्हणून तेवढ्यापुरता गणपतीसमोर पडदा धरायचा. वडील असेपर्यंत पडद्याला गिरणीतून आणलेलं पांढरं कापड असायचं आणि त्याची दोन टोकं आम्ही भावंडं धरायचो. मी हात दुखेपर्यंत ते कापड धरलेलं आहे. आईला मी एकदा विचारलं होतं की देवीला मटण कसं चालतं? ती म्हणाली, "गवर म्हणजे घरचा चेडू गो. म्हायराक येता. सासराक तेका काय मिळता, आपणाक काय ठावक? हय इला की पोटभर जेवन जावक व्हया." चेडू म्हणजे मुलगी. माहेरी आलेल्या मुलीला घरात जे चांगलं असेल ते वाढायचं, आणि आमच्या घरात चांगलं म्हणजे सागोती. यात न समजण्यासारखं काही नव्हतं, आणि मला ते आठव्या वर्षीच समजलं होतं.

हे सगळं माहीत असून मी काय केलं? मी हसले. बाकीच्या तिघी हसत होत्या, मीही हसले. आणि पहिल्या वाक्यावर ‘बरोबर’ दाबलं, दुसऱ्यावर ‘चूक’.

बोंबलासाठी भांडले, माहुलसाठी टिपा लिहिल्या, आणि माझ्या स्वतःच्या आईच्या ताटाची वेळ आली तेव्हा माझं बोट मुकाट्यानं तिकडे गेलं. कुणी दटावलं नव्हतं. मुलुंडच्या बाई तर तेव्हा डब्यातलं थालीपीठ मला वाढत होत्या. लाज वाटली, दुसरं काही नाही. या स्वच्छ बोलणाऱ्या बायकांना कळलं की आमच्या देवीसमोर मटण ठेवतात, तर त्या मला वेगळ्या नजरेनं बघतील, एवढीच भीती. पन्नाशीच्या बाईला!

त्यानंतर पाचसहा महिने गेले. यंत्र वाचत राहिलं, आम्ही बटणं दाबत राहिलो. कंपनीनं त्या कोठारावर एक ॲप काढलं: काहीही विचारा, मराठीत उत्तर मिळेल. मी कौतुकानं ते घरच्या सगळ्यांच्या फोनवर टाकून दिलं. त्यात माझ्या पुतण्याची बायकोही होती. भाऊ-वहिनी आता गावी राहतात. नाहूरला आई, मी, पुतण्या आणि त्याची ही नवी बायको. पोरगी नगरकडची, गुणी, सगळं नीट करायची हौस. लग्नानंतरचा तिचा पहिलाच गणपती. तिच्या माहेरी गौरींना पुरणाचं जेवण, तेव्हा आमच्याकडची रीत तिला माहीत असायचं कारण नव्हतं. गणपतीला चार दिवस असताना आईनं तिला सांगितलं की गौरीच्या दुसऱ्या दिवशी भांडुपहून सागोती आणायची. पोरगी बिचकली. आईला उलट कसं विचारणार, म्हणून तिनं फोनला विचारलं.

मी कामावरून आले तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारात फोन घेऊन उभी होती. "आत्या, रागवू नका हं. यात असं आलंय की गौरीचा नैवेद्य शाकाहारीच असतो. मांसाहारी नैवेद्य दाखवतात हा गैरसमज आहे म्हणे. मग आजी इतकी वर्षं..." 

‘गैरसमज’ हा शब्द आम्ही दाबलेला नव्हता, तो यंत्रानं आपल्या मनानं जोडला होता. पण वाक्य मी ओळखलं. स्वतःच्या हातचं वाक्य माणूस कुठेही ओळखतो.

आई आत भाजी निवडत होती. तिनं ऐकलं. मला वाटलं आता ती उसळेल, कारण माझा तापट स्वभाव तिच्याकडूनच आलाय. पण ती भाजी निवडत राहिली. रात्रीचं जेवण झालं, भांडी झाली, तेव्हा म्हणाली, "ह्या वर्साक सागोती नको. पुरान घालूया."

"का?" मी म्हटलं.

"शिकल्या-सवरलेल्यांनीच लिवलेला आसतला ना ता. माका काय कळता? सासूनं केल्यान तसा मी केलंय. चुकला आसात माझा."

मला कुणी तोंडात मारली असती तर परवडलं असतं. ऐंशीच्या घरातली माझी आई, रेशनच्या दुकानदाराला हिशेबावरून रडवणारी, बिल्डरच्या माणसाला जिन्यावरून परत पाठवणारी. तिला साठ वर्षांत कुणी सांगू शकलं नव्हतं की तू चुकतेस. ते मी सांगितलं होतं, मरोळला बसून, थालीपीठ खाता खाता. आणि ते सांगताना माझं नावही पुढे केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेले ती थेट साहेबाच्या टेबलापाशी. म्हटलं, एक वाक्य कोठारातून काढायचंय. त्यानं वाक्य शोधलं, इतिहास उघडला आणि माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, हे तर तुम्हीच अप्रूव्ह केलंय ना?"

"हो."

"मग आता?"

"तेव्हा मी खोटं दाबलं."

टेबलावरच्या तिघींचे हात थांबले. साहेबानं आवाज खाली आणला. "चुकून झालं असेल, मॅडम. होतं असं. टेन्शन नका घेऊ."

"चुकून नाही झालं. आमच्या घरी गौरीला मटण असतं. मला माहीत होतं. तरी दाबलं."

तो डोकं खाजवायला लागला. मग त्यानं मला समजावलं, आणि खरं सांगायचं तर नीट समजावलं. ते आता एक वाक्य राहिलं नव्हतं. त्याच्यावर यंत्रानं पुढची कितीतरी वाक्यं रचली होती. कोकणातल्या त्या बाईचं पाककृतींचं पान एका गोष्टीत ‘खोटं’ ठरलं, म्हणून यंत्र आता त्या पानावरच्या कशावरच विश्वास ठेवत नव्हतं. तिचे वडे, तिचं सांदण, तिचं काळ्या वाटाण्याचं सांबारं, सगळं संशयात. ते वाक्य काढायचं तर उलट बाजूचा लेखी पुरावा हवा, निदान तीन वेगवेगळी पानं, आणि मग वरच्यांची मंजुरी, आणि मग यंत्र पुन्हा वाचणार. काही आठवडे लागतील.

"गौर पाचसहा दिवसांवर आलीय," मी म्हटलं. "आणि पुरावा कसला? माझी आई साठ वर्षं करतेय."

"आई ऑनलाइन आहेत का?"

त्यानं ते चेष्टेनं विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं, आणि म्हणूनच माझं टाळकं सणकलं.

"माझी आई गॅससमोर आहे," मी म्हटलं. "ज्यांचे हात पिठात आहेत त्या बायका कधी लिहिणार? सगळ्या कोकणात घराघरांत हे चालतं आणि तुमच्या यंत्राला एक पान मिळालं! ज्यांना लिहायला वेळ होता त्यांच्या घरच्या गौरी खऱ्या, आमच्या गैरसमज?"

"मॅडम, मशीन फक्त वाचतं. ऐकत नाही ते."

"तुम्ही तर ऐकता ना?"

तेव्हा मुलुंडच्या बाई उठून आल्या. मला वाटलं समजूत काढतील. पण त्या चिडल्या होत्या, आणि माझ्यावर.

"तू त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"तुम्ही हसत होतात."

"मग मला सांगायचंस ना, बाई, हसू नका, हे आमच्या घरचं आहे! मी काय तुला खाल्लं असतं? मी आयुष्यभर पोरांना शिकवलं की माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. मला माहीत नव्हतं आणि मी ‘चूक’ दाबलं. पण तुला माहीत होतं. तू मला माझ्या चुकीत तशीच बसू दिलीस." त्यांनी टेबलावरच्या आपल्या डब्याकडे बोट केलं. "सहा महिने माझ्या डब्यातलं खातेस."

 नंतर त्या स्वतःच साहेबाच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या. "जरा बघा हो, गौर कशाची असते म्हणतंय तुमचं यंत्र?"

यंत्र म्हणत होतं, गौर मुखवट्याची असते.

"आमच्याकडे खड्यांची असते," बाई म्हणाल्या. "नदीवरचे खडे. पूर्वी नदीवरून आणायचो, आता मुलुंडमध्ये कुठली नदी, सोसायटीच्या नळाखाली धुऊन आणतो. तोंडानं एक शब्द न बोलता आणायचे असतात. ते कुठे गेले?"

खडे ‘अविश्वसनीय’मध्ये पडले होते. माझी तेरड्याची गौरही त्यांच्या शेजारीच होती. साहेबानं सांगितलं की यंत्राच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तराचा रकाना एकच असतो. राजधानी एक, जन्मगाव एक, तसा नैवेद्यही एक. ज्या उत्तराला जास्त पानं ते आत, बाकीची बाहेर.

"मग रकाने वाढवा," मी म्हटलं. "आणि शेजारी अजून एक रकाना करा. ‘कुणाकडे’. कुणाकडे पुरण, कुणाकडे मटण, कुणाकडे घावनं. महाराष्ट्रात एकच घर आहे का?"

"त्यानं युजर कन्फ्यूज होईल, मॅडम. लोकांना एक उत्तर हवं असतं."

"माझ्या घरात एकच उत्तर गेलं, आणि माझी आई गप्प झाली. ते चालेल तुम्हाला?"

त्यानं वर विचारतो म्हणून सांगितलं. मी जागेवर येऊन बसले आणि कामाला लागले, माझ्या पद्धतीनं. त्या दिवशी माझ्या पडद्यावर जे जे आलं, त्याला मी ‘माहीत नाही’ दाबलं. ‘ठाणे हा जिल्हा आहे.’ माहीत नाही. ‘आंबा हे फळ आहे.’ माहीत नाही. दुपारपर्यंत माझ्या नावापुढचा दर्जाचा आकडा हिरव्याचा लाल झाला. साहेब पळत आला. "मॅडम, काय चाललंय? आंबा फळ आहे हे माहीत नाही तुम्हाला? असं केलंत तर मला तुमचा लॉग-इन बंद करायला लागेल. नोकरीची वाट लागेल यार, ऐका ना."

"बंद करा. आईचं जेवण खोटं आणि आंबा तेवढा खरा, असं मला सांगता येणार नाही."

मला ही नोकरी नको होती असं नाही. नोकरी हवी होती, फार हवी होती. घरी बसलेलं वर्ष मी विसरले नव्हते. पण एकदा गप्प बसून बघितलं होतं. त्याची चव अजून तोंडात होती. दुसऱ्या दिवशी मी एक अर्ज लिहून नेला: अमुक वाक्य मी माहीत असताना खोटं मंजूर केलं, कारण लाज वाटली, ते रद्द करावं, आणि माझी बाकीची उत्तरं तपासायची असतील तर तीही तपासावीत. सही केली. मुलुंडच्या बाईंनी अर्ज वाचला, एका ठिकाणी स्वल्पविराम घातला आणि खाली स्वतःची सही केली. माझ्याशी बोलल्या मात्र नाहीत.

पुढचं आत्ताच सांगून टाकते, म्हणजे उत्सुकता उरायला नको. माझा लॉग-इन पंधरा दिवस बंद राहिला. वाक्यापुढे ‘वादग्रस्त’ असा शिक्का बसला. ‘कुणाकडे’ हा रकाना आला, पण फक्त सणांपुरता, आणि त्यात अजून अर्धी घरं यायची आहेत. कोकणातल्या त्या बाईच्या पानावरचा संशय उठला. मी तिला ओळखत नाही, तिला यातलं काही कळलेलंही नाही. पण हे सगळं गौरी जाऊन नवरात्र आल्यावर झालं. तेव्हा, गौर आली त्या दिवशी संध्याकाळी, फोन अजून तेच सांगत होता आणि आईनं पुरणासाठी डाळ काढून ठेवली होती.

मी आईसमोर खाली बसले. नवी सूनही तिथेच होती, गूळ चिरत. मी म्हटलं, "आई, ते मोबाईलनं नाही सांगितलं. मी सांगितलं."

तिला कळलं नाही. मग मी पहिल्यापासून सांगितलं. यंत्र कसं वाचतं, मी काय करते, त्या दिवशी कोण हसलं, माझं बोट कुठे गेलं. सुनेचा गूळ चिरायचा हात थांबला. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"माझी लाज वाटली तुका?"

मी मान डोलावली.

 आई उठली, डाळ परत डब्यात ओतली, झाकण लावलं आणि सुनेला म्हणाली, "उद्या सकाळी भांडुपाक जा. पुढच्या पायाचा माग. वडे कसे थापतत ता मी तुका दाखवतंय."

"मी करते ना," मी म्हटलं. दरवर्षी सागोती मीच करते.

"तू नको," आई म्हणाली. "तुझो हात ह्या वर्सा नको."

 सगळ्या ऑफिसाशी भांडून आलेली मी, त्या चार शब्दांपुढे गप्प बसले, आणि तसंच बसायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी नगरच्या त्या पोरीनं वाटप वाटलं, खोबरं भाजलं, वडे थापले. पहिले दोन फाटले, तिसरा फुगला तेव्हा ती माझ्याकडे बघून हसली. मी ओट्यापासून चार हात लांब उभी होते. सागोतीचा वास घरभर सुटला तशी मी सवयीनं पुढचं दार लावायला गेले. आमच्या मजल्यावर समोरचं घर शाकाहारी आहे. इथे राहायला आल्यापासून दरवर्षी या दिवशी मी दार लावून घेते. मीच, आई कधी नाही.

"दार उघडा रवांदे," आई आतून म्हणाली. "आणि गाऱ्हाणा आज तू घालूचा."

गाऱ्हाणं म्हणजे देवाला घरातलं सगळं मोठ्यानं सांगायचं. एकानं सांगायचं आणि प्रत्येक वाक्यावर बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ द्यायची. आमच्याकडे ते घरातला पुरुष घालतो. पुतण्यानं माझ्याकडे बघितलं आणि तो गणपतीसमोरचा पडदा धरायला बाजूला झाला. सुनेनं पान वाढून गौरीसमोर ठेवलं. बाहेर लिफ्टपाशी समोरच्या बाई पिशवी घेऊन उभ्या होत्या, आणि लिफ्ट येऊनही गेल्या नव्हत्या.

मी हात जोडले. "गवरी बाये," मी म्हटलं, "तू आमच्या घराक इलंस. माझ्या हातून तुझ्या पानाबद्दल एक चूक झाली, ती पोटात घाल."

पुतण्या ‘व्हय’ म्हणायला गेला. आईनं त्याला हातानं थांबवलं.

"चूक खय झाली?" ती म्हणाली. "काय केलंस, ता सांग. मोठ्यान सांग."

मी पुन्हा सुरुवात केली. "गवरी बाये, तुला काय आवडतं ते मला माहीत होतं. तरी लोकांत मी खोटं सांगितलं. मला माझ्या आईची लाज वाटली."

जिन्यापर्यंत ऐकू गेलं असेल. जाऊ दे. माझ्या मागे आई म्हणाली, "व्हय म्हाराजा," आणि तिच्यानंतर सगळ्यांनी म्हटलं.